आभाराच्या मोसमात

शॉमबर्गमध्ये दिवाळी जवळ आली हे कॅलेंडरपेक्षा गॅरेजवरून कळतं. एरवी गाडी आत-बाहेर करण्यापुरती उघडणारी दारं ऑक्टोबरात कमरेएवढी उचललेली दिसतात आणि त्या फटीतून तळणीचा वास रस्त्यावर येतो. घरात तळलं तर कोटांना वास लागतो आणि तो मार्चपर्यंत जात नाही. शिवाय छतावरचा धुराचा भोंगा वाजतो. एका वर्षी माझ्या अनारशांसाठी अग्निशमन दलाची गाडी आली होती. चांगली माणसं होती, अनारसे खाऊन गेली. तेव्हापासून आम्ही गॅरेजमध्ये तळतो. एका बाजूला गवत कापायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला बर्फ ओढायची फावडी, मध्ये घडीचं टेबल आणि त्यावर विजेची शेगडी. अंगात जाकीट, जाकिटावर एप्रन.

हा वास आला की बाकीच्यांना आई आठवते, माहेर आठवतं. मला परफॉर्मन्स रिव्ह्यू आठवतो. यात विनोद नाही. आमच्या कंपनीत वर्षभराच्या कामाचा हिशोब आणि बढत्या याच आठवड्यांत ठरायच्या. इकडे भाजणी दळून यायची, तिकडे मॅनेजरची बोलावणी यायची. बाहेर मेपलची पानं लाल होऊन गळायची आणि आत माणसं एकमेकांकडे न बघता कॉफी घेऊन जायची. परीक्षेचा मोसम म्हणजे काय हे साताऱ्याला असताना मला वाटायचं मला कळलं आहे. तेव्हा निदान पेपर कोण तपासणार हे माहीत नसायचं. इथे तपासणारा समोर बसून स्मित करतो.

त्या मोसमांपैकी एकच मला नीट लक्षात आहे. तो वृषालीचा.

वृषाली अकोल्याची. तिचा नवरा शिरीष आधी आला, ती मागून आली, आणि नियमाप्रमाणे पहिली काही वर्षं तिला काम करायची परवानगी नव्हती. इंजिनिअर बाई घरात बसून पोळ्या लाटत होती आणि लायब्ररीतून पुस्तकं आणून स्वतःला शिकवत होती. परवानगी आली तेव्हा मुलगी ईशा पाळण्यात होती. मग ती आमच्या कंपनीत लागली, तिच्यापेक्षा लहान मुलांच्या हाताखाली, आणि त्याबद्दल कधी कुरकुरली नाही. मी त्याच मजल्यावर टेस्टिंगमध्ये होते. माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं. हे काम करणारी माणसं फारशी कुणाला आवडत नाहीत. तिला मी आवडायचे. तिच्या कामात मला चुका सापडायच्या नाहीत, त्यामुळे तिला भीतीही नसावी.

आमची कंपनी गोठवलेला माल वाहणाऱ्या ट्रकांची वेळापत्रकं बांधायची. कुठला ट्रक कुठल्या गोदामातून निघेल, कुठल्या दुकानाशी कधी थांबेल, हे सगळं आमचे प्रोग्रॅम ठरवायचे. वर्षातला सगळ्यात जड काळ नोव्हेंबरचा. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे आभाराच्या सणाला, या देशात प्रत्येक घरी टर्की लागते, आणि ती गोठलेली, वेळेवर लागते. त्यात बर्फ पडलं की ट्रक रस्त्यात अडकायचे आणि दुकानदारांचे फोन सुरू व्हायचे. एक ट्रक उशिरा आला की त्याच्यामागचे सगळे उशिरा, अशी वर्षानुवर्षं रड होती.

ती रड वृषालीने थांबवली. कशी, ते तिने मला जेवणाच्या सुट्टीत डब्यातली भाजी पुढे सरकवत समजावलं होतं. लग्नाच्या पंगतीत भात वाढणारा कुणाशी बोलत थांबला, तर नवशिका वरणवाला त्याची वाट बघत उभा राहतो. जाणता वाढपी रांग बघत नाही, पानं बघतो. कुठलं पान रिकामं आहे आणि त्याच्या जवळ कोण आहे, एवढंच. मग हातातलं खाली ठेवून तो भाताचं पातेलं उचलतो. तिने ट्रकांना तसं पानांकडे बघायला शिकवलं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात त्यात इतके पोटनियम होते की ते तपासताना माझे डोळे दुखायचे. पण ते चाललं. पहिल्या बर्फातच चाललं. अर्ध्या मिडवेस्टच्या ताटात तिच्या हातून टर्की वाढली गेली. तिने स्वतः आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षी त्या सगळ्या विभागाचा मुख्य इंजिनिअर नेमायचा ठरला. नवीन जागा होती. नावं दोन होती. एक वृषाली, दुसरा अनिरुद्ध.

अनिरुद्ध पुण्याचा. पेनसिल्व्हेनियात शिकून थेट आमच्याकडे आला होता, हुशार आणि गोड बोलणारा. त्याला काम वृषालीने शिकवलं. तो तिला मराठीत ताई म्हणायचा आणि मीटिंगमध्ये वृषाली. तो वाईट मुलगा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा गोष्टी ऐकताना लोक लगेच दुष्ट माणूस शोधायला लागतात आणि तो सापडला की त्यांना बरं वाटतं. आमच्या मजल्यावर दुष्ट असं कुणीच नव्हतं.

दोघांनाही एका पॅनेलपुढे उभं राहून आपलं काम सांगायचं होतं. तयारी आमच्या गॅरेजमध्ये झाली. त्या वर्षी चकल्या आमच्याकडे होत्या. इथे फराळाची वाटणी असते. एकीने चकल्या, एकीने लाडू, एकीने करंज्या, आणि मग डबे फिरतात. मी तळत होते, वृषाली सोऱ्या फिरवत होती आणि फिरवता फिरवता बोलत होती. ईशा तेव्हा शाळकरी होती. आमच्या एका जुन्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि मोडलेल्या चकल्या खायचं काम तिच्याकडे होतं.

वृषालीचं इंग्रजी चांगलं होतं. अडचण एकाच शब्दाची होती. प्रत्येक वाक्य ‘वी’पासून सुरू व्हायचं. वी डिझाइन्ड, वी सॉल्व्ह्ड, वी टेस्टेड. मी म्हटलं, टेस्ट मी केलं, ते एक सोड, बाकी सगळं तू केलंस, तर ‘आय’ म्हण. तिला ते म्हणवेना. ती म्हणाली, एवढं मी-मी बकरी करते. मी म्हटलं, बकरीला बढती नको असते. मग तिने सोऱ्या खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि म्हणाली, “आय... आय डिझाइन्ड...”

“आई,” ईशा खुर्चीतून म्हणाली, “यू साउंड लाइक अ पायरेट.”

तिच्या कार्टूनमधले समुद्री चाचे ‘आय, आय’ असंच म्हणायचे. आम्ही इतक्या हसलो की एक घाणा करपला.

आमच्या साताऱ्याकडे खेड्यांत आईला ‘आय’ म्हणतात. माझी आजीही म्हणायची. ते त्या दिवशी मला सुचलं होतं, हसताहसता, आणि मी बोललेही होते: इंग्रजीतली आय फक्त स्वतःबद्दल बोलते आणि आमची आय स्वतःबद्दल सोडून सगळ्यांबद्दल. वृषालीने मान हलवली. तिला ते कौतुक वाटलं. मला ती तक्रार होती.

नंतर कधीतरी मी आपल्या भाषेचा विचार करत बसले. ‘मी गेले’ म्हटलं की गेलेली बाई आहे हे कळतं. पण ‘मी चकल्या केल्या’ म्हटलं की क्रियापद चकल्यांच्या मागे जातं. करणारी बाई की बाप्या, एक की दहा, त्याला पत्ताच नसतो. काम दिसतं, करणारी दिसत नाही. आणि आपल्या बायका तेवढ्यावरही थांबत नाहीत. कुणी विचारलं, चकल्या मस्त झाल्यात, कुणी केल्या, तर म्हणतात, झाल्या बाई कशातरी. जणू त्या आपल्या आपण सोऱ्यातून बाहेर पडल्या आणि तेलात जाऊन बसल्या.

पण भाषेला किती दोष द्यायचा? अनिरुद्धची भाषा हीच होती. तोही ‘वी’ म्हणायचा, तिच्याइतकाच. त्याच्या तोंडी ‘वी’ आला की ऐकणाऱ्यांना त्यात एक पुढारी आणि त्याच्यामागे चालणारी माणसं दिसायची. तिच्या तोंडी तोच ‘वी’ आला की तिच्यापुढे चालणारं कुणीतरी दिसायचं. आत घातलेलं तेच, बाहेर आलेलं वेगळं. आमच्या टेस्टिंगमध्ये याला चूक म्हणतात आणि ती दुरुस्त होईपर्यंत माल बाहेर जाऊ देत नाहीत.

आणि ‘मी’ म्हणून काय होतं तेही मला ठाऊक होतं. मी पहिल्यापासून ‘मी’ म्हणत आले. माझ्या रिव्ह्यूत दर वर्षी लिहून यायचं की काम उत्तम, आवाजाची पट्टी जरा सांभाळावी. एकदा एका मॅनेजरने मला मीटिंगमध्ये जास्त हसायला सुचवलं. मी त्याला विचारलं, चूक सापडल्याचं सांगताना हसू की आधी? तेही पुढच्या वर्षी रिव्ह्यूत लिहून आलं. म्हणजे ती ‘आम्ही’ म्हणायची म्हणून मागे आणि मी ‘मी’ म्हणायचे म्हणून मागे. दोन्ही दारांना कुलूप असल्यावर चुकीच्या दाराशी उभी राहिलीस असं कुणी कुणाला सांगू नये. त्या गॅरेजमध्ये मला हे एवढं स्पष्ट नव्हतं. मला वाटत होतं, एक शब्द बदलला की होईल.

पॅनेल झालं त्या दिवशी ती ऑफिसातून थेट आमच्याकडे आली. चकल्यांचे डबे भरायचे होते. अंगावर निळा कोट होता, केस नीट बांधलेले आणि चेहरा उजळलेला. इतकी खूश मी तिला फार कमी वेळा बघितली आहे. कोट काढून तिने बर्फाच्या फावड्याच्या दांड्यावर अडकवला आणि चकल्या उचलता उचलता सांगायला लागली.

छान झालं, म्हणाली. ‘आय’ म्हटलं, सुरुवातीपासून म्हटलं. दोनदा जीभ अडखळली पण म्हटलं. चित्रं दाखवली, बर्फातला तो दिवस सांगितला, पंगत मात्र सांगितली नाही, त्यांना काय कळणार. सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी थोडी सैल झाले आणि एक ‘वी’ निसटला. पॅनेलवर डेब्रा म्हणून एक मोठ्या हुद्द्याची बाई होती, तिने तो नेमका पकडला. पण रागाने नाही, वृषाली म्हणाली, फार गोड विचारलं तिने. व्हेन यू से वी, हू डू यू मीन?

मी हातातला डबा ठेवला.

“मग?”

“मग काय, मी सगळ्यांची नावं घेतली. अनिरुद्ध, ते टेक्सासचे दोघं, डेटाबेसवाला, तुझं तर घेतलंच. सपोर्टमधली ती नवीन मुलगीसुद्धा. एकही नाव सुटलं नाही, मीना.”

इथे एक सांगायला हवं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात शेवटी आभारप्रदर्शन असतं, आणि ते वर्षानुवर्षं वृषालीकडे असायचं. पडदे कुणी आणले, समोसे कुणी गरम केले, कुणाच्या व्हॅनमधून तबले आले, सगळं ती कागद न बघता म्हणायची. लोक उठून बूट घालत असायचे तरी ती एकेक नाव घेत राहायची. आभार मानणाऱ्याने स्वतःचं नाव घ्यायचं नसतं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही, ते असतंच. डेब्राने प्रश्न विचारला तेव्हा बोलून झालं होतं, चित्रं संपली होती, लोक पाण्याच्या बाटल्या आवरत होते. वृषालीला वाटलं, हे आभारप्रदर्शन आहे.

डेब्राने तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं. ‘वी म्हणजे मी, बाकीचे मदतीला होते’ एवढंच तिला ऐकायचं असणार. बाई बाईसाठी जे करू शकते ते तिने पॅनेलसमोर, सभ्यपणे केलं होतं. आणि आमच्या वृषालीने त्या उघड्या दारातून एकेकाला हात धरून आत सोडलं.

“आणि तुझं नाव?” मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय असं तिला वाटलं असावं.

“माझं कशाला? मी तर समोरच उभी होते.”

मग तिने उरलेल्या चकल्या मोजूनमापून ठेवल्या, मोडक्या ईशासाठी वेगळ्या काढल्या, आणि विचारलं, तू अशी काहून गप्प झाली? मी तिला जे वाटलं ते सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही आणि त्या दिवशी मी प्रयत्नही केला नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्यांना माहीत आहे गं कुणी केलं ते, सगळ्या मजल्याला माहीत आहे. मी म्हटलं, मजला पॅनेलवर नव्हता. कोट घालताना तिने बाही हुंगली आणि म्हणाली, तळणीचा वास लागला.

जागा अनिरुद्धला मिळाली.

नंतर कळलं, पॅनेलमध्ये वृषालीबद्दल कुणीच वाईट बोललं नव्हतं. उलट सगळे कौतुकच करत होते. ही बाई म्हणजे टीमचा गोंद आहे, असं आमच्या मॅनेजरने तिला स्वतः सांगितलं, आणि ते सांगताना तो भारावला होता. गोंद. मला त्या शब्दाची फार चीड आली. गोंदाशिवाय काही टिकत नाही हे खरं, पण गोंद दिसायला लागला की लोक म्हणतात, काम कच्चं झालं आहे. तो न दिसण्यातच त्याची किंमत.

दिवाळीच्या पाडव्याला अनिरुद्ध पेढे घेऊन वृषालीकडे आला. एडिसनच्या देशी दुकानातून मागवलेले होते, चांगले होते. आम्ही सगळे तिथेच होतो. त्याने पेढ्यांचा बॉक्स तिच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. पायाला हात लावून. म्हणाला, ताई, तुमच्यामुळेच. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. वृषालीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत जाऊन त्याच्यासाठी ताट वाढून आणलं. शिरीषला ते दृश्य फार आवडलं. बघ, किती मान देतो पोरगा, असं तो मला हळूच म्हणाला. मी म्हटलं, हो. मान द्यायला आपली माणसं कधीच कमी पडत नाहीत. पायाशी वाकतात, देवीच्या जागी बसवतात, आणि उठून तिच्या खुर्चीत जाऊन बसतात. त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. तिलाही वाटत नव्हतं, हे मला जास्त लागलं. की वाटत होतं, आणि ती पानं बघून वाढत होती, मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात बर्फ पडलं, ट्रक अडकले, आणि तिच्या नियमांनी ते पुन्हा सोडवले. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना पत्र पाठवून अनिरुद्धच्या टीमचे आभार मानले.

पुढची काही वर्षं ती तिथेच राहिली, त्याला मदत करत. नवीन मुलांना शिकवायचं, मीटिंगची टिपणं काढायची, कुणाच्या वाढदिवसाचा केक सांगायचा. हे कुणी तिला कर म्हणून सांगितलं नव्हतं. ते कुणीतरी करायचं असतं आणि खोलीतले सगळे जेव्हा थोडा वेळ गप्प बसतात तेव्हा बाई हो म्हणते. मग एका वसंतात कंपनीने माणसं कमी केली. कापताना ते बघतात की कुठल्या गोष्टीवर कुणाचं नाव आहे. तिचं नाव कशावरच नव्हतं. माझं नाव टेस्टिंगच्या कागदांवर खाली बारीक अक्षरात असायचं, त्यावर मी टिकले.

तिने दुसरीकडे अर्ज केले. मुलाखतींना गेली. सगळे विचारायचे, इतकी वर्षं एकाच पायरीवर कशा राहिलात? याचं उत्तर कुणालाही कधी नीट देता आलं नसतं. एका मुलाखतीत तिला तिच्याच कामाबद्दल विचारलं. उशिरा धावणाऱ्या ट्रकांचा हा प्रकार अलीकडे सगळे वापरतात, तुम्हाला माहीत आहे का? ती म्हणाली, माहीत आहे. मी तिला विचारलं, तूच केलंस हे का नाही सांगितलंस. म्हणाली, आता ते सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. ते खरं होतं.

हळूहळू अर्ज बंद झाले. आता ती शाळांच्या ऑफिसात अर्धवेळ काम करते, मुलांच्या हजेरीचं. चांगलं ऑफिस आहे, लवकर सुटतं. मंडळात नवीन कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर म्हणते, मी काही नाही, शिरीष इंजिनिअर आहे. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेले. मला रडायची सवय नाही. बाहेर थंडी होती, तेवढी पुरली.

आमचं जुनं ऑफिस आता निम्मं रिकामं आहे. पार्किंगच्या भेगांतून गवत आलंय, तळ्यात कॅनडाचे हंस बसतात आणि कारंजं बंद आहे. कंपनी लहान जागेत गेली. मी अजून आहे, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. हल्ली मलाही पॅनेलवर बसवतात. मुली येतात, नीट तयारी करून येतात, ‘आय’ म्हणतात, काहीही न अडखळता म्हणतात. मला बरं वाटतं. मग त्या बाहेर गेल्यावर कुणीतरी म्हणतं, हुशार आहे, पण जरा स्वतःबद्दल फार बोलते नाही का? मी विचारते, आधी आलेला मुलगा कुणाबद्दल बोलला? सगळे हसतात. माझ्या आवाजाच्या पट्टीबद्दल आता कुणी लिहीत नाही, वयाचा तेवढा फायदा आहे. पण हसून झाल्यावर मतं जिथे होती तिथेच असतात.

या वर्षी दिवाळीनंतरच्या शनिवारी मी वृषालीकडे गेले होते. तिच्या पुढच्या अंगणात दोन मोठे ओक आहेत आणि शिरीषची पाठ धरलेली होती. ईशा आता दूर सिएटलला असते. तेव्हा पानं ओढायला आम्ही दोघीच होतो. ओल्या पानांना कुजका गोडसर वास येत होता. ती दाताळ्याने ढीग करत होती, मी कागदी पिशवी धरून होते. तिचा फोन वाजला. हातमोजे चिखलाने भरलेले, म्हणून तिने पायरीवर ठेवलेल्या फोनवर बोटाच्या टोकाने स्पीकर लावला.

अनिरुद्ध होता. तो दर वर्षी याच सुमाराला फोन करतो, हे मला माहीत होतं. थँक्सगिव्हिंगच्या आधी तो सगळं एकदा तपासून घेतो आणि कुठे अडलं की ताईंना विचारतो. ताई दर वर्षी सांगतात. मागे एकदा भाजी फोडणीला टाकून तिने त्याला तासभर समजावलेलं मी बघितलं आहे. फुकट. त्यावरून आमचं भांडणही झालं होतं. ती म्हणाली होती, मला कुणीतरी विचारतं गं अजून. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

शुभेच्छा झाल्या, ईशाची चौकशी झाली. मग त्याने विचारलं, रविवारी निघणाऱ्या गाड्यांसाठी आपण एक वेगळा नियम ठेवला होता ना, तो कशासाठी होता? नवीन मुलं म्हणतात, काढून टाकू, पण मला जरा भीती वाटते.

वृषालीने दाताळं ढिगात रोवलं आणि त्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. ओकाची पानं एकेक करून पडतच होती. मला वाटलं, ती वाक्य जुळवते आहे.

“नाही रे आठवत,” ती म्हणाली.

तो हसला. “ताई, तुम्हाला नाही आठवत?”

“नाही.”

तो म्हणाला, बरं, बघतो आम्ही, आणि काळजी घ्या, शिरीषदादांना नमस्कार सांगा. फोन बंद झाला.

मला इतका आनंद झाला की पिशवी हातातून सुटली. इतक्या वर्षांनी एकदाचं तिने कुणालातरी रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. मी म्हटलं, शाब्बास, बरं केलंस. करू देत आता त्यांचं त्यांना. मी आणखीही बरंच बोलले असेन. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला अपेक्षित असलेलं काहीच नव्हतं.

“मीना,” ती म्हणाली, “खरंच नाही आठवलं.”

तिने पुन्हा एकदा प्रयत्न केला. मला दिसत होतं. ओठ हलत होते, रविवार, रविवार, गोदाम, रविवार. मग तिने दाताळं उपसून घेतलं आणि पानं ओढायला लागली.

तो नियम तपासला मीच होता. एकेक गाडी चालवून, बर्फ घालून, बर्फ काढून तपासला होता, आणि बरोबर आहे असं खाली लिहून दिलं होतं. मी पिशवी उचलली, तिचं तोंड उघडून धरलं आणि तो कशासाठी होता ते आठवायला लागले. मलाही नाही आठवलं.